पाण्यावर ओढलेली रेघ

आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या शंकरपटात बैलजोडी सुटायच्या आधी तिला थोपवून धरणारी माणसं असतात. धुरकरी सावरला, इशारा झाला, की ती बाजूला होतात आणि जोडी सुटते. एवढी सोय असूनही सुटण्यावरून व्हायचा तो वाद होतोच. आता असा पट डोळ्यांसमोर आणा, की ज्यात साठ जोड्या एकदम सोडायच्या आहेत, एकीलाही धरून ठेवता येत नाही, सुटायची रेघ मातीवर आखलेली नाही आणि खालची जमीनच सरकते आहे. शिडाच्या छोट्या होड्यांच्या, म्हणजे डिंगींच्या, मोठ्या स्पर्धेत शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्यापुढे रोज हेच वाढून ठेवलेलं असतं.

देवरीत बसून हा विषय कशाला, असं कुणीही विचारेल. मुंबईचा समुद्र इथून हजारेक किलोमीटर दूर. गावातून जाणारा महामार्ग एकीकडे मुंबईला आणि दुसरीकडे कोलकात्याला भिडतो म्हणतात, पण आम्हाला त्याचं पहिलं टोक नागपूर आणि दुसरं रायपूर एवढंच ठाऊक. मात्र पाण्याला आमच्याकडे तोटा नाही. भंडारा-गोंदिया हा तलावांचाच मुलूख. देवरी तालुक्यात बाघ नदीवर शिरपूरबांध आहे, अर्जुनी-मोरगावकडे इटियाडोह आहे, कोहळ्यांनी बांधलेला नवेगावबांध आहे आणि गावोगावच्या बोड्या तर मोजायच्या पलीकडे. ढिवरांचे डोंगे रोज पहाटे पाण्यात असतात. या पाण्यावर शीड काही दिसत नाही.

आणि शिडाचा खेळ आता समुद्रकाठच्या लोकांचाच राहिलेला नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत लेझर 4.7 प्रकारात कांस्य मिळवणारी हर्षिता तोमर होशंगाबादची. 2023 मध्ये चीनमध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-4 प्रकारात रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. दोघी शिकल्या भोपाळच्या बड्या तलावावर, राजा भोजानं बांधलेला म्हणून जो ओळखला जातो त्यावर. गोंदियाहून भोपाळ मुंबईपेक्षा जवळ पडतं. म्हणून हा खेळ नीट समजून घ्यावासा वाटला, आणि समजून घेताना लक्ष खिळलं ते पदकांवर नाही, तर पहिल्या पाच मिनिटांवर. शर्यत सुटण्याच्या आधीच्या पाच मिनिटांवर.

थोडं तांत्रिक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. साधारण 45 अंशांचा कोन धरून, कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला वळत, नागमोडी चढत जावं लागतं. शर्यतीचा पहिला टप्पा हा असाच, वाऱ्याच्या दिशेनं चढणीचा असतो. समोरच्या होडीच्या शिडावरून निसटून आलेला वारा फाटलेला, दमलेला असतो. तो ज्याच्या वाट्याला आला त्याची होडी मंदावते, मंदावली की आणखी मागे पडते आणि मागे पडली की आणखी फाटका वारा मिळतो. सुटताना पहिल्या रांगेत असलेल्याला स्वच्छ वारा, दुसऱ्या रांगेतल्याला उष्टा. पन्नास मिनिटांच्या शर्यतीचा निम्मा निकाल पहिल्या पन्नास सेकंदांत लागतो असं जे म्हणतात, ते यामुळेच. साहजिकच सगळ्यांना पहिल्याच रांगेत, अगदी रेषेला नाक लावून, पूर्ण वेगात आणि बरोबर शून्याच्या ठोक्याला हजर राहायचं असतं.

होडीला ब्रेक नसतो. शीड ढिलं सोडून फडफडत ठेवता येतं, पण होडी जागच्या जागी उभी राहत नाही. वारा आणि पाणी तिला कुठेतरी नेतच असतात. आणि घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर असतं. धावण्याच्या शर्यतीत बंदूक कधी वाजेल हे धावपटूला माहीत नसतं. इथे शर्यत नेमकी कधी सुटणार हे पाच मिनिटं आधीपासून साऱ्यांना माहीत असतं. कौशल्य आहे ते त्या क्षणी त्या जागी पोचण्यात.

रेषा म्हणजे तरी काय? एका टोकाला नांगरलेली सिग्नल बोट, तिच्यावर नारिंगी ध्वजाची काठी. दुसऱ्या टोकाला बोया किंवा दुसरी एखादी बोट. या दोहोंमधली मनातल्या मनात ओढलेली सरळ रेषा. ही रेषा किती लांब असावी, याचा हिशेब साधा आहे. समजा साठ आयएलसीए होड्या आहेत. या होडीचं जुनं नाव लेझर, लांबी सुमारे 4.2 मीटर. साठ होड्या नाकाला शेपूट लावून मांडल्या तर 252 मीटर होतात. त्यात चतुर्थांश भर घातली की 315 मीटर. रेषा आखूड झाली तर होड्या एकमेकींवर आदळतात. फार लांब झाली तर एका टोकावरून दुसरं टोक नीट दिसत नाही आणि पुढे सरकलेल्यांचे नंबर वाचता येत नाहीत. वारा जोरात असेल, लाटा असतील तर थोडी जास्त जागा द्यावी लागते. हे कोष्टकात नसतं. अनुभवी अधिकारी पाण्याकडे पाहून ठरवतो.

लांबीपेक्षा कोन महत्त्वाचा. रेषा वाऱ्याला काटकोनात हवी. ती दहा अंशांनी कलली तर 315 मीटरच्या रेषेवर एक टोक दुसऱ्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेनं सुमारे 55 मीटर पुढे जातं. म्हणजे तेरा होड्यांची लांबी फुकटात! मग सगळा तांडा त्या टोकाकडे धावतो आणि तिथे चेंगराचेंगरी होते. पण अगदी काटेकोर काटकोनही चालत नाही, ही यातली गंमत. नियमानं उजव्या अंगानं वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यावी लागते, म्हणून सुटताना बहुतेक सगळे उजव्या अंगानंच वारा घेतात आणि सिग्नल बोटीजवळ गोळा होतात. त्यांना पसरवायचं तर दुसऱ्या टोकाला थोडं आमिष दाखवावं लागतं. म्हणून बोयाचं टोक मुद्दाम पाचेक अंशांनी सरस ठेवतात. वाकडी रेघ ओढून न्याय करायचा हा प्रकार मला फार आवडला.

एवढं सगळं करून वारा बदलला, तर? तळ्यावर तो बदलतोच. चारी बाजूंनी टेकड्या, झाडी, इमारती. दर काही मिनिटांनी वारा कधी इकडे तर कधी तिकडे झुकतो. हैदराबादच्या हुसेनसागरावर, जिथे वर्षानुवर्षं हैदराबाद सेलिंग वीक भरतो, खेळाडूंची खरी परीक्षा हीच असते. अधिकाऱ्याला अर्धा-पाऊण तास आधीपासून दर काही मिनिटांनी वाऱ्याची दिशा टिपून ठेवावी लागते. एकेका नोंदीला अर्थ नसतो. झोका किती अंशांचा आहे आणि त्याचा मध्य कुठे आहे, हे त्यातून कळतं. रेषा त्या मध्याला धरून लावायची. शेवटच्या मिनिटाला वारा दहा अंश झुकला म्हणून घाबरायचं नाही, आणि मध्यच सरकला असेल तर मात्र लाज न बाळगता थांबवायचं.

मुंबईच्या बंदरात प्रश्न वेगळा. तिथला हिवाळी दिवस शाळेच्या भूगोलात शिकलेल्या मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांचा. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, मग मधे एक मेलेला तास-दीड तास, आणि दुपारी पश्चिमेकडून चढत येणारा खारा वारा. सकाळच्या उरल्यासुरल्या वाऱ्यात शर्यत सोडायचा मोह आवरणं हे अधिकाऱ्याचं पहिलं काम. त्यात भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, आणि एवढं पाणी आत-बाहेर करताना बंदरात ओढ निर्माण होते. एक नॉट वेगाची ओढ म्हणजे मिनिटाला सुमारे 31 मीटर. ही ओढ वाऱ्याच्या उलट दिशेनं असेल, म्हणजे होड्यांना रेषेवर ढकलणारी असेल, तर शेवटच्या मिनिटात सरळ उभी असलेली होडीसुद्धा सात-आठ होड्यांच्या लांबीइतकी पुढे वाहत जाते. मुलं बेशिस्त नसतात. पाणी त्यांना नेतं. उलटी ओढ असली की निम्मा तांडा रेषेपर्यंत पोचतच नाही. पाण्यात काठी टाकून ती किती वेळात किती सरकते हे पाहणारा अधिकारी बघ्यांना चमत्कारिक वाटतो, पण दिवसाचा अर्धा हिशेब त्या काठीत असतो.

मुंबईचं नाव घेतलं की 1982 आठवणं भाग आहे. नवव्या आशियाई स्पर्धा दिल्लीला होत्या. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या, आणि तिथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात भारताला सुवर्ण मिळवून दिलं. त्याआधी 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बसिथ उतरले होते, शर्यती कीलला. नावं पाहिलीत तर या खेळावर मुंबईच्या पारशी मंडळींचा ठसा किती होता ते दिसतं. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा. पुढे नौदल आणि भूदल उतरलं, कुलाब्याला नौदलाचं वॉटरमनशिप प्रशिक्षण केंद्र आलं, आणि क्लबांच्या बंगल्यांतून हा खेळ बराकींत गेला. टोकियो ऑलिंपिकला गेलेला आणि हांगचौला कांस्य मिळवणारा विष्णू सरवणन हा भूदलाचा. क्लबातून बराकीत आणि बराकीतून भोपाळच्या तलावावर, असा हा प्रवास.

* * *

आता ती पाच मिनिटं.

सिग्नल बोटीवर सात-आठ माणसं असतात आणि कुणी कुणाशी गप्पा मारत नाही. एक घड्याळवाला. तो फक्त मोठ्यानं सेकंद मोजतो. एक किंवा दोघे ध्वजवाले, दोरी हातात. एक भोंगावाला. एक वाऱ्याच्या नोंदी घेणारा. एक लिहिणारा. रेषेच्या नेमक्या मागे, काठीला डोळा लावून उभा असतो तो रेषा पाहणारा. आणि मधे मुख्य अधिकारी, ज्यानं खरं तर काहीच करायचं नसतं. त्यानं दोरी हातात घेतली की समजावं, तयारी कच्ची आहे.

पाच मिनिटं: त्या वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांचा, ध्वज वर, एक भोंगा. चार मिनिटं: तयारीचा ध्वज वर, एक भोंगा. आता होड्या शर्यतीच्या नियमांत आल्या. एक मिनिट: तयारीचा ध्वज खाली, एक लांब भोंगा. शून्य: वर्गाचा ध्वज खाली, एक भोंगा. सुटले.

इथे एक बारकावा नवख्यांना कळत नाही. वेळ धरायची ती ध्वजाची, भोंग्याची नाही. भोंगा वाजलाच नाही तरी शर्यत सुटलेली असते. कारण आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. आपल्या 315 मीटरच्या रेषेच्या पलीकडच्या टोकाला तो पोचायला जवळजवळ सेकंद लागतो, आणि सेकंदाला दोन मीटर चाललेली होडी तेवढ्यात आपल्या निम्म्या लांबीइतकी पुढे सरकते. म्हणून ध्वजवाल्याचा हात घड्याळवाल्याच्या तोंडाशी बांधलेला हवा. “तीन, दोन, एक” नंतर दोरी अडकली, तर सगळी शर्यत अडकली. दोऱ्या, गाठी, काठ्या हे सकाळी धक्क्यावरच तपासतात. तरी एखादी गाठ अडकतेच. म्हणून जुनी मंडळी ध्वज दोरीवर न चढवता काठीला लावूनच हातात धरतात.

शेवटच्या मिनिटाला रेषा पाहणाऱ्याच्या हातात ध्वनिमुद्रण यंत्र असतं, आणि तो सतत बोलत राहतो. समोर शिडांची भिंत. मागची शिडं पुढच्यांनी झाकलेली, नंबर अर्धेच दिसतात. तो म्हणतो: तीस सेकंद, सगळे मागे. वीस, बोटीजवळ दोन पुढे, परतले. दहा, मधे घोळका फुगतोय. पाच, 208 पुढे, 211 पुढे, त्यापलीकडे एक, नंबर दिसत नाही, निळी टोपी. शून्य. 208 पुढेच, 211 पुढेच, निळी टोपी मागे आली. बोयाच्या टोकाला दुसरा माणूस हेच करत असतो. दोघांचे नंबर जुळले की अधिकाऱ्याच्या हातात पुरावा येतो. पुढे एखाद्या खेळाडूनं दाद मागितली, तर सुनावणीत हे मुद्रण ऐकवलं जातं. खोलीत बसून ते ऐकताना त्या वीस सेकंदांत केवढं काय घडलं ते कळतं.

सुटल्या क्षणापासून निर्णयाला दोन-तीन श्वासांची सवड. पुढे सरकलेले सगळे ओळखता आले असतील, तर पांढऱ्यावर निळी फुली असलेला एक्स ध्वज आणि एक भोंगा: ज्यांनी रेषा आधी ओलांडली त्यांनी मागे येऊन पुन्हा सुटावं, बाकीच्यांची शर्यत चालू. परत न आलेल्याला शेवटच्या क्रमांकापेक्षाही जास्त गुण. साठ होड्यांत 61. आणि या खेळात गुण जितके कमी तितकं चांगलं. पण पुढे सरकलेल्यांत कुणी ओळखू न आलेले असले, तर पिवळा-निळा तिकोनी ध्वज, दोन भोंगे, आणि सगळा तांडा परत. पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यांना परत बोलावणं हे न्यायाचंच असतं, पण महाग. एकदा परत बोलावलं की दहा-बारा मिनिटं गेली. वारा कमी व्हायला लागलेला असतो, भरती फिरलेली असते, आणि मुलांना कळून चुकतं की घोळक्यात लपून पुढे सरकलं तर फार तर सगळेच परत जातील. पुढच्या वेळी घोळका आणखी धीट होतो. म्हणून तयारीच्या ध्वजाबरोबर शिक्षेची भाषा येते. निळ्या चौकटीत पांढरा चौकोन, तो पी ध्वज: साधी सुरुवात. पिवळ्यावर काळा गोल, आय ध्वज: शेवटच्या मिनिटात पुढे गेलास तर रेषेच्या टोकाला वळसा घालून परत ये. झेड ध्वज: होड्यांच्या संख्येच्या 20 टक्के गुणांचा दंड. यू ध्वज, लाल-पांढऱ्या चौकटींचा: शेवटच्या मिनिटात रेषा आणि पहिला बोया यांच्या त्रिकोणात दिसलास की बाद, मात्र शर्यत पुन्हा सुटली तर तुला पुन्हा उतरता येईल. हा नियम 2017 च्या नियमपुस्तकात रीतसर आला. आणि शेवटचा, काळा ध्वज: दिसलास की बाद, पुन्हा सुटली तरी बाद, गप घरी जा.

काळ्या ध्वजानं काय होऊ शकतं, याचा सगळ्यात गाजलेला दाखला 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकचा. शिडाच्या शर्यती अटलांटात नव्हत्या, सव्हानाला होत्या. लेझर होडी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलेली. शेवटची शर्यत, ब्राझीलचा रॉबर्ट शाइट पुढे, ब्रिटनचा एकोणीस वर्षांचा बेन एन्स्ली त्याच्या मागोमाग. तांडा पुन्हा पुन्हा रेषेच्या पुढे जात होता, पुन्हा पुन्हा सगळ्यांना परत बोलावलं जात होतं. शेवटी काळा ध्वज लागला. शाइटनं हिशेब केला: दोघंही बाद झालो, तर सुवर्ण माझंच. तो ठोक्याच्या आधीच सुसाट सुटला. एन्स्लीला वाटलं, याला आता सोडलं तर गेला. तोही त्याच्या मागे सुटला. दोघंही बाद आणि शाइटला सुवर्ण. चार वर्षांनी सिडनीत एन्स्लीनं शाइटला शेवटच्या शर्यतीत असं काही कोंडून धरलं की सुवर्ण त्यानं नेलं. लोकांना ही सूडकथा आवडते. मला मात्र त्यात सव्हानाच्या सिग्नल बोटीवरचे लोक दिसतात. नियमात बसणारं सगळं त्यांनी केलं, आणि ऑलिंपिकचं सुवर्ण एका अशा शर्यतीत ठरलं की जी त्या दोघांनी सुरूच केली नाही.

त्यावरून माझं स्वतःचं मत असं बनलं आहे: तीनदा सगळ्यांना परत बोलवावं लागलं, तर आधी रेषा तपासावी, ओढ तपासावी, मग मुलांना दोष द्यावा. काळा ध्वज ही अधिकाऱ्याची शेवटची पायरी असायला हवी. कित्येकदा ती पहिली होते, कारण दिवसाचं वेळापत्रक गाठायचं असतं, संध्याकाळी कुणा पाहुण्याच्या हस्ते बक्षीस असतं.

आणि खरा प्रश्न मधल्यांचा आहे. रेषेच्या दोन टोकांना असलेल्या खेळाडूला बोट दिसते, बोया दिसतो. आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कळतं. मधल्याला दोन्हीकडे शिडंच दिसतात. तो बिचकतो, मागे राहतो. म्हणून मोठ्या तांड्याच्या रेषेला मधे झोळ पडतो: दोन टोकं पुढे, मधले दोन-तीन होड्या मागे. हुशार मुलं आधीच येऊन पलीकडच्या किनाऱ्यावरचं एखादं झाड, टाकी, मनोरा बोयाच्या रेषेत धरून ठेवतात आणि त्या झोळात एकटेच पुढे घुसतात. तो झोळ पाहूनच अनुभवी अधिकारी ओळखतो की रेषा फार लांब झाली. पुढच्या वेळी ती थोडी आवळतो. मधल्या मुलाला तो ओळखतही नसतो, पण त्याची सोय करतो.

एवढं साठ होड्यांचं. मुलांची ऑप्टिमिस्ट नावाची एक डब्यासारखी होडी असते, 2.3 मीटरची, 1947 मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्सनं आखलेली, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. इटलीतल्या गार्डा सरोवरावर तिच्या वार्षिक मेळ्यात एका वर्षी हजाराहून अधिक होड्या उतरल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. हजार होड्या एका रेषेवर उभ्या करता येत नाहीत. मग गट पाडतात: पिवळा, निळा, लाल, हिरवा; डोलकाठीला त्या रंगाची फीत. एक गट सुटला की काही मिनिटांनी दुसरा. आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी रेषेपासून लांब थांबायचं, आणि दहा वर्षांच्या मुलांना लांब थांबवणं म्हणजे काय हे शिक्षकांना सांगायला नको. पहिल्या दिवसांच्या निकालांवरून पुन्हा गट: सोनेरी, रुपेरी, कांस्य. यात वारा सगळ्या गटांना सारखा मिळत नाही. पिवळ्याला दहा नॉट मिळाले आणि हिरव्याच्या वेळी वारा पडला, तर हिरव्याच्या आया-बापांचा मोर्चा संध्याकाळी ठरलेला.

दुसरा एक उपाय मला सुचता सुचला नसता. 505 नावाच्या होड्यांच्या वर्गात मोठ्या तांड्यांसाठी बऱ्याचदा रेषाच काढत नाहीत. एक ठरवलेली होडी डाव्या अंगानं वारा घेऊन सरळ चालत राहते, शेजारून एक मोटरबोट तिचं रक्षण करते. बाकीचे एकेक करून तिच्या शेपटीमागून निघतात. चालतं फाटक म्हणा. जो आधी निघाला तो आधीपासून चढतो, जो नंतर निघाला त्याला त्या होडीनं तोवर चढवून आणलेलं असतं, दोघं सारखेच. कुणी पुढे सरकायचा प्रश्नच नाही, परत बोलावणं नाही, काळा ध्वज नाही. तरी जगानं हे स्वीकारलं नाही, कारण सगळ्यांनी एकदम सुटण्याची झिंग त्यात नाही. माणसाला न्यायही हवा आणि धांदलही हवी.

यंत्रं आली आहेत. नांगराशिवाय जीपीएसवर जागा धरून राहणारे बोये आले, होडीवर बसवायची अचूक स्थानदर्शक यंत्रं आली, जी रेषा ओलांडल्याचं खेळाडूलाच सांगतात. काही वर्गांत ती वापरली जातात. महाग आहेत. आपल्याकडे अजून काठी, ध्वज आणि डोळा.

* * *

आणि धीर. या कामातला सगळ्यात मोठा ध्वज माझ्या मते लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लांबट: शर्यत पुढे ढकलली. दोन भोंगे. वारा फिरतोय असं वाटलं, बोया सरकला, शेवटच्या मिनिटाला मच्छीमाराची होडी मधे आली, की हा वर. तो खाली आल्यावर एका मिनिटानं पुन्हा पाच मिनिटांची सुरुवात. सुटल्यावर चूक कळून सगळ्यांना परत बोलावण्यापेक्षा सुटण्याच्या दहा सेकंद आधी थांबवणं केव्हाही बरं. पण थांबवायला छाती लागते, कारण दोनशे डोळे “सोडा ना आता” म्हणत असतात. किनाऱ्यावर आयोजक घड्याळ पाहत असतो. उन्हात होड्यांवर मुलं केळी खात, पाणी पीत बसलेली असतात आणि मुख्य अधिकारी काहीच न करता पाण्यावरच्या काळपट ठिपक्यांकडे पाहत उभा असतो. तो ठिपका म्हणजे येणारी झुळूक. ती पोचली, टिकली, तरच दोरीला हात.

देवरीतल्या एका मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे होडी नाही अन् तू पंच शोधतोस. म्हणणं बरोबर आहे, पण उलटूनही पाहावं. भोपाळची पदकं आली ती तिथे तलाव होता म्हणून नाही. तलाव हजार वर्षांपासून आहे. तिथे होड्यांबरोबर शर्यती नीट सोडणारी, मोजणारी, वाचवणारी माणसं उभी राहिली. सराव म्हणजे रोज दहा-दहा वेळा सुटणं, आणि त्यासाठी रोज कुणीतरी रेषा लावून, ध्वज घेऊन उभं राहायला लागतं. आपल्या राज्यात मुंबई आहे, खडकवासल्याला एनडीएचं पिकॉक बे आहे. विदर्भात नागपूरला एनसीसीचं नौदल युनिट आहे, आणि एनसीसीच्या नौदल शाखेची अखिल भारतीय यॉटिंग रेगाटा ओडिशात आयएनएस चिल्काला भरते. तिथे मुलं चालवतात ती एंटरप्राइज होडी: निळ्या शिडांची, 1956 मध्ये जॅक होल्टनं आखलेली, दोघांची, साधी आणि दणकट. आमच्या कुठल्याही मोठ्या तलावावर ती सुखानं चालेल.

गोंदिया जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना, नुकत्याच निवृत्त झालेल्या पाटबंधारे खात्यातल्या मंडळींना आणि ज्यांना डोंग्यातून वारा वाचता येतो अशा ढिवर तरुणांना माझं सांगणं एवढंच. हा खेळ देशात यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे आहे, शर्यत-अधिकाऱ्यांचं कामही तिच्याच कक्षेत येतं. तिच्याकडे चौकशी करा. नागपूरच्या एनसीसी युनिटला जाऊन भेटा. भोपाळला स्पर्धा असेल तेव्हा किनाऱ्यावरून टाळ्या वाजवण्याऐवजी एक दिवस सिग्नल बोटीवर कोपऱ्यात बसू द्या, अशी परवानगी मागा. पदक जिंकायचं वय उलटून गेलं असेल, तरी ध्वजाची दोरी धरायला ते आड येत नाही. मिळाली परवानगी, तर टोपी, दुर्बीण आणि डबा न विसरता न्या. वारा पडला की तीन-तीन तास बसावं लागतं, आणि सिग्नल बोटीवर चहाची टपरी नसते.